पोट लहान, पंगत मोठी

आमच्या मुलखात पाहुण्याची परीक्षा पंक्तीत होते आणि यजमानाची वाढण्यात. पाहुण्याने ‘पुरे’ म्हणावे, यजमानाने ‘एवढी एक तरी’ म्हणावे आणि ताटावर आडवा धरलेला हात चुकवून भाकरी ताटात पडावी, ही आमची जुनी रीत आहे. या आग्रहात प्रेम आहे, यात शंका नाही. परंतु ज्याचे पोटच शस्त्रक्रियेने एका वाटीएवढे झाले आहे, त्याने या आग्रहाचे काय करावे, हा प्रश्न गेली काही वर्षे आमच्या घरात दोन्ही वेळच्या जेवणास हजर असतो. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले, कारण हा प्रश्न आता एकट्या आमच्या घरचा राहिलेला नाही.

आम्ही राहतो ते मोडनिंब हे गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर, टेंभुर्णी आणि मोहोळ यांच्या दरम्यान आहे. हा मूळचा ज्वारीचा मुलूख. मालदांडी ३५-१ ही ज्वारीची नामांकित जात शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडली गेली आणि तेथून सर्वदूर पोचली. परंतु ज्वारीच्या या मुलखाने उपासमारही पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आई दुष्काळी कामावर खडी फोडीत होत्या. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांवर त्या दिवसांत घरे तगली. पुढे १९८० मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाले, कालव्याचे पाणी आले, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला आणि साखर कारखान्यांची धुराडी दिसू लागली. एका पिढीच्या आयुष्यातच आमचा तालुका कोरड्या भाकरीकडून गोड चहाकडे आला. ज्या हातांनी उपासमार सोसली, त्याच हातांकडे आता वाढप आले. त्या हातांना ‘थोडे वाढा’ हे शब्द कसे समजावेत?

आमच्या थोरल्या वहिनींचे वजन ११८ किलो झाले होते. मधुमेह होता, गुडघे बोलू लागले होते, रात्री झोपेत श्वास अडखळत असे. चालणे, उपाशी राहणे, काढे, चूर्णे असे सर्व उपाय त्यांनी वर्षानुवर्षे केले. दहा किलो उतरत आणि बारा चढत. २०२१ मध्ये पुण्यातील शल्यविशारदांनी त्यांना वजन घटविण्याची शस्त्रक्रिया सुचविली. हा प्रकार तोपर्यंत आम्ही वर्तमानपत्रांतूनच वाचला होता. नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करवून घेतली, तेव्हा तिचे नाव मराठी घरांत पोचले. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना विमानाने मुंबईस आणले गेले, तेव्हा तर साऱ्या जगाचे लक्ष तिकडे होते. वसईतील सुमारे ३०० किलो वजनाच्या एका महिलेवर २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि २०१९ पर्यंत त्या ८६ किलोवर आल्या, ही बातमीही अनेकांना आठवत असेल. अशा बातम्यांत आधीचे छायाचित्र असते आणि नंतरचे असते. त्या दोहोंच्या मधली हजारो जेवणे मात्र छापली जात नाहीत. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्या जेवणांविषयी.

वहिनींवर झाली ती ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’. तीत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी तेवढी राहते. काढलेल्या भागातच भूक चेतविणारे ‘घ्रेलिन’ नावाचे संप्रेरक प्रामुख्याने तयार होते, म्हणून पहिले काही महिने भूकही मंदावते. दुसरा प्रकार ‘गॅस्ट्रिक बायपास’. त्यात जठराचा अगदी लहानसा कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्यास जोडतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये त्याचा प्रारंभ केला. कोणताही प्रकार असला, तरी डॉक्टर एक गोष्ट निक्षून सांगतात. शस्त्रक्रिया हे साधन आहे. ते वापरावयाचे की नाही, हे पुढे रोजच्या ताटावर ठरते.

इस्पितळातून घरी येताना वहिनींच्या हाती आहाराचा एक छापील तक्ता होता. पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, नंतरचे दोन आठवडे गुळगुळीत घोटलेले अन्न, मग मऊ अन्न आणि साधारण दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, असा तो क्रम होता. तक्त्यात सूप, प्युरी, स्मूदी अशी नावे होती. आमच्या आईंनी तो वाचून घेतला आणि म्हणाल्या, “म्हंजी बाळंतिणीचं आणि तान्ह्या लेकराचं खाणंच की हे!” त्यांचे निदान अचूक होते. सूपाच्या जागी मुगाचे कढण आणि कोंबडीचा अळणी रस्सा आला. प्युरीच्या जागी घोटलेले वरण आणि मऊ शिजवलेले अंडे आले. स्मूदीच्या जागी साखर न घातलेले ताक आले. परका वाटणारा तक्ता दोन दिवसांत आमच्या चुलीवर येऊन बसला.

नियम मोजकेच होते, परंतु ते आयुष्यभराचे होते. ताटात प्रथिने प्रथम, भाजी त्यानंतर आणि भाकरी-भात सर्वांत शेवटी. दिवसाकाठी ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. एका अंड्यात ती जेमतेम ६ ग्रॅम असतात, हे समजल्यावर हा आकडा लहानशा पोटासाठी किती मोठा आहे ते ध्यानात येते. प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावावा. जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास थांबावे. गोड पेये वर्ज्य. कारण घट्ट अन्न पोट अडवते, पण उसाचा रस किंवा साखरेचा चहा त्या अरुंद नळीतून सहज घसरतो आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. बायपास झालेल्यांस तर साखरेने घाम फुटतो, छातीत धडधडते, पोटात कळ येते. मद्य रक्तात लवकर भिनते आणि त्याचे व्यसन जडण्याचा धोकाही वाढतो, म्हणून ते दूरच ठेवावे. याखेरीज ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने कायमची आणि रक्ततपासणी दरवर्षी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वहिनींचे केस मूठमूठ गळू लागले, तेव्हा घर घाबरले. झपाट्याने वजन उतरताना असे होते, प्रथिने आणि लोह नीट घेतल्यास केस पुन्हा येतात, असे आहारतज्ज्ञांनी सांगितले आणि तसेच घडले.

चौदा महिन्यांत वहिनी ७६ किलोंवर आल्या. मधुमेहाची गोळी डॉक्टरांनी बंद केली. मिस्सेच्या वेळी गुडघे टेकून प्रार्थना करणे त्यांना कित्येक वर्षांत जमले नव्हते, ते जमू लागले. बातमी येथे संपते. परीक्षा मात्र येथून पुढे सुरू झाली.

दुसरे वर्ष सरता सरता भूक परत येऊ लागली. हे वहिनींचेच झाले असे नव्हे. स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणजे मोठा लाभ टिकला, परंतु थोडे वजन परत आले. शरीर आपली जुनी जागा विसरत नाही. वहिनींच्या ताटात वाढ झाली नव्हती. वाढ झाली होती ती दोन जेवणांच्या मधल्या वेळेत. शेजारणीकडे अर्धा कप चहा, भिशीला चिमूटभर चिवडा, प्रार्थनासभेनंतर दोन बिस्किटे, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. शेंगदाणा पौष्टिक खरा, पण त्याचे निम्मे वजन तेलाचेच असते. ‘दिवसभर चरणे’ असा नेमका शब्द आहारतज्ज्ञांनी त्याला वापरला. तिसऱ्या वर्षी वजनकाटा ८३ दाखवू लागला आणि वहिनींनी त्यावर उभे राहणेच सोडले.

त्या दिवसांत आम्हांस एक गोष्ट दिसली. वहिनींना मोह अन्नाचा पडत होता त्याहून अधिक माणसांचा पडत होता. ‘नको’ म्हटले की समोरच्याचा चेहरा उतरे. कोणी म्हणे, “आमच्या हातचं चालत नाही होय आता?” कोणी म्हणे, “अगं बाई, किती वाळलीस, काही दुखणं-बिखणं नाही ना?” आणि तीच व्यक्ती चार महिन्यांनी म्हणे, “पुन्हा भरायला लागलीस की!” दोन्ही वाक्ये मायेनेच बोललेली. दोन्हींनी वहिनी रात्र रात्र जागत.

घरात तर आई होत्या. चतकोर भाकरी खाऊन सून ताटावरून उठते, हे दृश्य त्यांना पाहवत नसे. “एवढ्याशा खाण्यावर माणूस जगतंय व्हय?” असे म्हणून त्यांनी एकदा तुपाने माखलेली अर्धी भाकरी वहिनींच्या ताटात टाकली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “आत्याबाई, बहात्तर साली तुमच्या पोटाला लागेल तेवढं कुणी देत नव्हतं. आता माझ्या पोटाला सोसेल तेवढंच तुम्ही द्या. दोन्ही एकच की.” आई काही बोलल्या नाहीत. अर्धी भाकरी उचलून त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली आणि डोळे पुसत खाल्ली. अन्न टाकावयाचे नाही, हा त्यांचा धर्म त्यांनी पाळला. परंतु त्या दिवसापासून तो सुनेच्या पोटावर लादला नाही.

याच सुमारास एका साधनेच्या शिबिरात धर्मगुरूंनी संत इग्नाशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथातील एका भागाकडे आमचे लक्ष वेधले. १५४८ मध्ये पोप महोदयांची मान्यता मिळालेल्या या ग्रंथात भोजनाविषयी आठ नियम आहेत, हे आम्हांस ठाऊक नव्हते. घाईने खाऊ नये, सारे मन अन्नातच गुंतवू नये, प्रभू येशू आपल्या शिष्यांसह भोजनास बसला आहे असे चित्र डोळ्यांपुढे आणून जेवावे, अशा अर्थाचे ते नियम आहेत. स्वतः इग्नाशियस यांनी मन्रेसा येथे १५२२ च्या सुमारास कठोर उपास करून आपली प्रकृती कायमची बिघडवून घेतली होती. म्हणूनच कदाचित त्यांच्या नियमांत प्रकृती जपून मध्यम माप शोधण्यावर भर आहे. त्यांतील शेवटचा नियम वहिनींनी घरी येऊन आईंना सांगितला. पुढच्या जेवणात किती खावयाचे, हे भूक लागलेली असताना ठरवू नये. जेवण झाल्यावर, खाण्याची वासना शांत असताना ते ठरवावे आणि मग भुकेच्या वेळी ते माप ओलांडू नये.

आई क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, “मग आपण मटकी रातच्यालाच भिजत घालतो की!” खरोखर, आमच्या स्वयंपाकघरात हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात होता. रात्रीचे जेवण आटोपल्यावर, पोट भरलेले असताना, बाई उद्याची मटकी मोजून पाण्यात टाकते. सकाळी भूक कितीही लागो, मूठ तेवढीच असते. त्या रात्रीपासून आई झोपण्यापूर्वी वहिनींच्या उद्याच्या दिवसाची मांडणी करू लागल्या. एका वाटीत मटकी भिजत, दुसरीत डाळ मोजून, दोन अंडी बाजूला, दह्याला विरजण आणि चतकोर भाकरीचे पीठ वेगळे. मधल्या वेळेसाठीही एकच लहान वाटी ठरली. ती संपली की संपली. जी माया पूर्वी वाढण्यात खर्च होत होती, ती आता मोजण्यात खर्च होऊ लागली. वहिनी पुण्यास पुन्हा तपासणीसाठी गेल्या, वजनकाट्यावर पुन्हा उभ्या राहिल्या आणि वर्षभरात ७९ किलोंवर स्थिरावल्या. ७६ चा आकडा परत आला नाही. डॉक्टरांनीही तो मागितला नाही.

येथे एका गैरसमजाविषयी लिहिणे अगत्याचे वाटते. आपल्या धर्मशिक्षणात अतिभोजनाची गणना सात प्रमुख पापांत होते, म्हणून स्थूल माणूस म्हणजे पापी माणूस असे काहीजण मनोमन धरून चालतात. वजन परत वाढले की रुग्णही स्वतःला अपराधी मानून डॉक्टरांकडे जाणे टाळतो. हे न्याय्य नव्हे. स्थूलता हा आजार आहे. त्यात अनुवंश, संप्रेरके, औषधे आणि परिस्थिती यांचा वाटा असतो. परत आलेले वजन ही डॉक्टरांकडे परत जाण्याची वेळ होय, लपण्याची नव्हे.

उपवासकाळाचेही तसेच. भस्म बुधवार आणि शुभ शुक्रवार या दिवसांच्या उपवासाचे बंधन वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्यांना आहे आणि आजारी माणसांना त्यातून सूट आहे. ज्याला दिवसभरात थोडे थोडे खाऊन प्रथिने आणि पाणी पुरे करावयाचे आहे, त्याने दिवसभर उपाशी राहणे हा त्याग नसून धोका आहे. आपले डॉक्टर आणि आपले धर्मगुरू या दोघांना विचारून त्याने निर्णय घ्यावा. वहिनींनी उपवासकाळात शेजारचा गोड चहा सोडला. त्यांच्यापुरता तो कोणत्याही लंघनाहून अवघड त्याग होता.

पवित्र शास्त्रात एलिया संदेष्टा रानात झाडाखाली खचून पडतो, तो प्रसंग आम्हांस या संदर्भात फार जवळचा वाटतो. देवदूत त्याला उठवितो, भाकर आणि पाणी देतो. एलिया खातो आणि पुन्हा निजतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा थोडे खावयास लावतो, कारण पुढची वाट लांबची आहे. त्याने एलियापुढे मेजवानी मांडली नाही. थोडे दिले, विसावा दिला, पुन्हा थोडे दिले आणि त्या बळावर एलिया होरेब पर्वतापर्यंत चालत गेला. लहान पोटाच्या माणसाने कसे जेवावे आणि त्याला कसे वाढावे, हे दोन्ही त्यात आले.

मग आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी काय करावे? फार नाही. सणाच्या पंक्तीत मोठ्या ताटांशेजारी काही लहान ताटल्या ठेवाव्यात आणि ज्याने ती उचलली त्याला कारण विचारू नये. प्रार्थनासभेच्या चहात बिनसाखरेची एक किटली असावी. मधुमेहाच्या मंडळींचीही त्यात सोय होईल. नाताळच्या फराळात करंज्या, शंकरपाळ्यांबरोबर उकडलेले हरभरे किंवा पेरूच्या फोडी ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. कोणाच्या वजनावर, चढत्या वा उतरत्या, चारचौघांत बोलू नये. आणि मुख्य म्हणजे ‘नको’ हा शब्द एकदाच ऐकून मान्य करावा. पाहुण्याला आणखी काही देण्याची इच्छा उरलीच, तर त्याच्याजवळ आणखी थोडा वेळ बसावे. सावकाश जेवणाऱ्या माणसाला सोबतीची गरज असते. पंगत उठून गेल्यावर एकट्याने घास चावीत बसणे फार जड जाते. आमच्या घरी आता सारेच हळू जेवतात आणि त्यामुळे गप्पाही वाढल्या आहेत.

इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळाला, तेव्हा प्रत्येकाने आपल्या गरजेपुरता एक ओमेर गोळा करावा, अशी आज्ञा होती. ज्याने हावेने उद्यासाठी राखून ठेवला, त्याच्या मान्न्यात किडे पडले. ज्याने कमी गोळा केला, त्याला उणे पडले नाही. देवाच्या पंक्तीत माप असते आणि त्या मापात कोणाचा अपमान नसतो. रविवारी वेदीपाशी आपण ओळीने जातो, तेव्हा लहानथोर, जाडबारीक, सर्वांच्या तळहातावर सारखाच लहानसा तुकडा ठेवला जातो. तो कमी पडला असे म्हणत आजवर कोणी परतलेले नाही. त्या वेदीवरून घरी येऊन आपण आपली पंगत मांडतो. तीत लहान पोटाच्या माणसासही सन्मानाने जागा असावी आणि त्याच्या वाटीत नेमके त्याचेच माप पडावे, एवढी दृष्टी प्रभूने आम्हां वाढणाऱ्यांना द्यावी, हीच प्रार्थना.